बुडातला घाव

यंदा मनगट आखडलं आणि उसाच्या फडात थोरला पोरगा माझ्या पुढं निघाला. जोर त्याचा, पण घाव वर बसतो. चार बोटं बुडखा मागं राहतो.

उसाची खरी साखर बुडाच्या कांड्यांत. शेंड्याकडं नुसतं पाणी. बुडखा राहिला की खोडव्याचे फुटवे वरच्या डोळ्यांतून निघतात, मुळं धरत नाहीत. म्हणून घाव जमिनीला घासून हवा. त्याला कंबर वाकवून भागत नाही, गुडघा मोडावा लागतो. खडा लागला की धार गेली, पुन्हा कानस घ्या. लोळलेल्या फडात तर पाचट सारून डाव्या हातानं बूड चाचपावं लागतं. पोरगा म्हणतो, "अण्णा, पैसा टनावर मिळतो, घावावर नाही." त्याचं खोटं नाही. पण माझ्या सरीत बुडखा शोधूनही सापडला नाही की माझी छाती फुगते. एवढी ती उचलीच्या पैशानं कधी फुगली नाही.

आता हार्वेस्टर आलेत. माणसाची कंबर वाचते, हे चांगलंच. पण यंत्र उसाचे तुकडे करतं. ते लगेच गाळले नाहीत तर साखर घटते. खालवर सरीत बूडही सारखं कापलं जात नाही. तिथं हातच लागतो.

72 च्या दुष्काळात आजा वडवणीकडून सांगलीकडच्या कारखान्यावर गेला. मग बाप, मग मी, आता पोरगा आणि सून. कारखाना तोच. तिथल्या कायम कामगाराला पगारपत्रक आहे, फंड आहे. आमचा व्यवहार मुकादमाशी, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. बायकोनं माझ्या बरोबरीनं मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून गाडीत चढवल्या. वहीत नाव माझंच. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. गोपीनाथ मुंडेंच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झालं. दोन्ही गोष्टी मोलाच्या. पण पोत्यात जाणारी साखर बुडातल्या घावापासून सुरू होते, आणि तो घाव घालणाऱ्याला कारखाना आपला कामगार म्हणत नाही.

कारखान्यांनी तोडणीवाल्यांची नावं आपल्या हजेरीपटावर घ्यावीत. बाईचं नाव वेगळं लिहावं. माझ्या सुनेपासून सुरुवात झाली तरी चालेल.