उलटा नंबर

उर्दू माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेतल्या मास्तराला पगार किती मिळतो, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून बी.एड. असूनही आम्ही गेली काही वर्षे धाकट्या भावाबरोबर वेबसाइट तयार करून देण्याचा जोडधंदा करतो. कोकणातले आंबेवाले, लग्नाचे हॉल, एक-दोन दवाखाने ही आमची गिऱ्हाइके. सगळ्यांनाच घाई. आंबेवाला मार्चमध्ये उगवतो आणि पहिली पेटी बाजारात जायच्या आत वेबसाइट मागतो. वर्षभर कुठे होतात, असे विचारले तर नुसता हसतो.

२०२३ साली खुद्द आमच्याच संस्थेचे काम आले. ईद २२ एप्रिलला झाली आणि मंगळवारी, २५ तारखेला, अध्यक्षसाहेबांनी बोलावून घेतले. “मास्टरसाहेब, १ मे रोजी झेंडावंदनानंतर पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन करायचे. उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांत पाहिजे.” हातात सहा दिवस! घाईचे कारण खरे होते. पाचवीच्या दुसऱ्या तुकडीला मुले कमी पडत होती, आणि ती तुकडी गेली तर आमच्या एका सहकारी बाईंची नोकरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. आम्ही हो म्हणालो.

संगणकाचे काम भावाने दोन रात्रींत उरकले. अडलो ते मजकुरापाशी. मराठी मजकूर छापखान्यातून आला तो जुन्या फॉण्टमधला. आमच्याकडे उघडला तर अक्षरांचा नुसता चिवडा. उर्दू मजकूर इनपेजमधला, तो युनिकोडमध्ये आणला तर शोधताना शाळेचे नावच सापडेना. ‘काफ’ अरबीचा पडला होता, उर्दूचा नव्हता. शब्दाच्या मध्ये आला की डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे हर्फ. अध्यक्षसाहेबांचे मनोगत रविवारी रात्री अकराला आले, तेही हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो काढून. कार्यकारिणीत कुणाचे नाव कुणाच्या वर, यावरून तीन फोन झाले. त्याबद्दल न लिहिलेले बरे.

सोमवारी पाहुण्यांनी बटण दाबले आणि पडद्यावर आदल्या आठवड्याचे रिकामे पान आले! वेबसाइटचा पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवला की ती खबर सगळीकडे पोहोचायला काही तास, कधी दिवसही जातो. आम्ही तो बदल आदल्या रात्री केला होता. भावाने चटकन आपल्या मोबाइलचे इंटरनेट जोडले, नवे पान आले, टाळ्या पडल्या. तेव्हापासून आम्ही हा बदल तीन दिवस आधी करतो. पण ही चूक चारचौघांत झाली म्हणून लगेच सापडली. दुसरी सापडली नाही.

उर्दू पानावर ‘दाखल्यासाठी संपर्क’ म्हणून शाळेचा फोन दिला होता. त्या पानाचा फोटो काढून कुणीतरी मोहल्ल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकला, तो भराभर फिरला. कार्यालयातला फोन मात्र गप्प. शिक्षककक्षात चर्चा सुरू झाली. आपल्या लोकांना उर्दू नकोच आहे, सगळे इंग्रजीकडे पळतात, जबानची कदर राहिली नाही. आम्हीही मान हलवली. इतकेच नव्हे, या विषयावर एक लेख लिहायला घेतला, दोन पाने झालीही होती.

अकराव्या दिवशी अब्बांनी ते पान मोबाइलवर पाहिले. अब्बा मुंबईत उर्दू कातिब होते. पिवळ्या कागदावर कलमाने लिहिण्यात त्यांची उमर गेली आणि इनपेज आल्यावर त्यांचे काम गेले. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “बेटा, नंबर उलटा है.”

खरेच उलटा होता. गावाचा कोड मागे आणि नंबर पुढे! उर्दू हर्फांच्या मागून आकडे आले आणि मध्ये छोटी आडवी रेघ असली, की यंत्र त्याचे दोन तुकडे समजते आणि ते उजवीकडून मांडते. तुकड्यातले आकडे सरळ, तुकड्यांचा क्रम उलटा. नंबर आम्ही तपासला होता, पण इंग्रजी पानावर. अब्बा सांगू लागले: हर्फ उजवीकडून चालतात, आकडा डावीकडून, म्हणून कातिब आधी अंदाजाने जागा सोडतो, पुढे जाऊन परत मागे येत आकडा भरतो. नवशिक्याची जागा कमी पडते. शाळेत रोज उर्दूच्या फळ्यावर तारीख लिहिताना आम्ही हेच करतो, पण कधी ध्यानात आले नव्हते.

हा तुकडा डावीकडून वाच, एवढे यंत्राला सांगायचे होते. दुरुस्तीला एक मिनिट लागले. फिरत्या फोटोला मात्र दुरुस्ती नाही. जूनमध्ये एक पालक बाजारात भेटले. म्हणाले, “सर, दोनदा फोन लावला, नंबर चूक असल्याचे सांगत होता. मग दोन्ही मुलांना इंग्रजी शाळेत टाकले.” आम्ही त्यांना खरे कारण सांगितले. ते म्हणाले, असू दे, नसीब.

दुसरी तुकडी तीन मुलांनी गेली. बाईंना तालुक्याच्या गावी अर्ध्या पगारावर काम मिळाले. आमच्यामुळे गेली असे कुणी म्हणाले नाही. फार कुणाला नंबराचे माहीतही नाही. बाईंना आम्ही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग त्यांनी चहा विचारला.

लेखाची ती दोन पाने फाडून टाकली. आता कुठलेही काम गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी आम्ही घराबाहेरच्या एका माणसाला बसवतो आणि प्रत्येक भाषेच्या पानावरचा नंबर वाचून त्याला स्वतः फोन लावायला सांगतो. यात अर्धा तास जातो, गिऱ्हाईक कुरकुरते. उर्दू पान असेल तर अब्बांना दाखवल्याशिवाय सोडत नाही.

तो फोटो अजून फिरतो आहे. मागच्या रमजानमध्ये कुणीतरी तो आमच्याच मोबाइलवर पाठवला. खाली लिहिले होते, ‘ज्यादा से ज्यादा शेअर करें.’