शेजारी विचारायला कुणी नसताना

चामटोलीतली कमावती माणसं सकाळी बदलापूर स्टेशन गाठतात. ती परतेपर्यंत घरात म्हातारी माणसं असतात आणि मुलाने नवा घेतल्यावर त्यांच्याकडे आलेला जुना फोन. ज्येष्ठांसाठी आरोग्यविषयक संकेतस्थळं रचताना मी हाच वाचक धरून चालते.

म्हणून पक्षाघाताच्या पानावर व्याख्या आणि प्रकार खाली जातात. वर फक्त तीन लक्षणं: तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं. यांतलं एकही अचानक दिसलं तर १०८ ला फोन आणि त्रास किती वाजता सुरू झाला याची नोंद. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत, तेही स्कॅन झाल्यावरच देता येतं. मुंबईत कामाला गेलेल्या मुलाला सीएसएमटीहून बदलापूरला पोचायलाच दीडेक तास लागतो. त्यामुळे ‘मुलाची वाट पाहू नका’ हे वाक्य मी १०८ ला फोन लावणाऱ्या बटणाच्या अगदी वर, ठळक ठेवते.

अक्षरही याच वाचकाला धरून ठरवते. देवनागरीत वर वेलांटी-अनुस्वार, खाली उकार. अक्षर मोठं केल्यावर ओळींतलं अंतर वाढलं नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. वेबच्या जागतिक सुगम्यता निकषांनुसार अक्षर दुप्पट केलं तरी मजकूर शाबूत राहायला हवा आणि अक्षर-पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ला १ हवा. मी ७ला १ धरते, कारण वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, कमी उजेड आत जातो आणि फिकट रंग एकमेकांत मिसळतात.

औषधाची मात्रा मात्र इंग्रजी आकड्यांत लिहिते. गोळ्यांच्या पाकिटावर तेच छापलेलं असतं; आजींना पाकीट स्क्रीनशेजारी धरून आकडा ताडून बघता येतो. बटणांचाही असाच विचार करावा लागतो: आजींचा अंगठा बटणावर जरा जास्त वेळ टेकतो, तेव्हा फोन भलताच मेनू उघडतो. त्यामुळे दाबून धरलं तरी बटणाने आपलं एकच काम करायला हवं.

‘त्यांना काय कळणार’ म्हणून माहितीच कमी करणं मला मान्य नाही. या माणसांनी सातबारा वाचलाय, कोर्टाच्या नोटिसा वाचल्यात. नजर मंदावली तरी समज शाबूत असते. ‘पोरगं दमून येतं, त्याला कशाला सांगायचं’ म्हणत ती दुखणं अंगावर काढतात. कोणतं दुखणं अंगावर काढायचं नाही, हे त्यांना भर दुपारी, कुणाला न विचारता ठरवता यावं. तेवढं जमत नसेल तर पान कितीही देखणं असलं, तरी ते मी पुरं झालं असं मानत नाही.