ठिपक्याचं ताट

पालिकेच्या दवाखान्यातल्या ताईंनी प्लास्टिकची डबी हातात दिली तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड आहे? मागच्या मोकळ्या जागेत गेलो, खाकरलो, थुंकलो, झाकण लावून डबी परत केली. ताईंनी ती उजेडाकडे धरली.

"ही थुंकी आहे. मला बेडका पाहिजे."

"फरक काय?"

"थुंकी तोंडातली, बेडका छातीतला. खोल श्वास घ्या, धरून ठेवा, मग पोटापासून खोका. आणि उद्या सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून ही दुसरी डबी. घरात नाही हं, मोरीत तर नाहीच. उघड्यावर."

आमच्या चाळीत उघड्यावर म्हणजे गॅलरीत. सकाळी साडेपाचला, पाण्याच्या रांगेत कोणी यायच्या आत, मी गॅलरीच्या टोकाला उभा राहून पोटापासून खोकलो आणि शेजारच्या मावशींच्या घरातला दिवा लागला. छत्तीस वर्षांचा माणूस, एका सीएच्या ऑफिसात लोकांचे रिटर्न भरणारा, हातात डबी घेऊन पळत घरात शिरला.

खोकला लागला होता जूनमध्ये. पाऊस सुरू झाला, करी रोड स्टेशनवर एकदा चिंब भिजलो, त्यामुळे कारण तयार होतं. आई म्हणाली, "अंगावर काढलास." नाक्यावरच्या डॉक्टरांनी सिरप दिलं, मग गोळ्या, मग आणखी भारी गोळ्या. त्या भारी गोळ्यांनी आठवडाभर बरं वाटलं. काही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूला थोडे दिवस दाबून ठेवतात, निदान मात्र त्यामुळे लांबतं, हे मला नंतर कळलं. तोवर संध्याकाळी कणकण, रात्री बनियन पिळून काढावा एवढा घाम, आणि पट्ट्याला दोन नवी भोकं. आई रोज रात्री खिडकी लावून घ्यायची. वारं लागेल. पाऊस आत येतो. पोर झोपलंय. दीड खोलीत आम्ही चौघं: मी, बायको, आई आणि चार वर्षांची चिऊ, जी माझ्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नाही.

सप्टेंबरमध्ये एक्स-रेवर उजव्या बाजूला वर डाग दिसला. बेडका सीबीनॅट नावाच्या मशीनवर गेला. ते मशीन दोनेक तासांत दोन गोष्टी सांगतं: जंतू आहे का, आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जुमानतो का. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "टीबी आहे. पण रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह आहे, चांगली बातमी." मला ती शिवीसारखी ऐकू आली. त्या पुढे काय बोलल्या ते निम्मं आठवत नाही. साखर तपासायची, एचआयव्ही तपासायचा, हे ऐकून मी उठलोच. "मॅडम, मी तसला नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "टीबीच्या प्रत्येक पेशंटचा करतात. बसा."

मग त्यांनी माझं नाव निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर चढवलं. माझ्या डोळ्यांसमोर कोविड उभा राहिला: गेटला पट्टी, भिंतीवर कागद, चाळ सील. मी विचारलं, बोर्ड लावणार का? त्या हसल्या. टीबीची नोंद २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरला करावीच लागते, खासगीतल्यासुद्धा, पण ती औषध आणि पाठपुरावा चुकू नये म्हणून. वर पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात येतात. आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. शिवडीला भरती व्हावं लागेल का, हा माझा शेवटचा प्रश्न. लालबाग-परळच्या माणसाला टीबी म्हटलं की शिवडीचं हॉस्पिटलच आठवतं. लहानपणी कोणी फार खोकलं की "शिवडीला पाठवू का" म्हणायचे. "कशाला? घरी राहायचं, घरी औषध घ्यायचं, सगळ्यांसोबत जेवायचं."

सगळ्यांसोबत जेवायचं हे वाक्य मी घरी सांगितलंच नाही. मला ते पटलं नव्हतं.

आईने बातमी ऐकली आणि देवापुढे जाऊन बसली. तिला आनंदीबाई जोशी आठवल्या. एवढी डॉक्टर होऊन आली आणि क्षयानेच गेली ना? खरं आहे. १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला तो २४ मार्च १८८२ ला. म्हणजे आनंदीबाई गेल्या तेव्हा रोगाचं कारण पाच वर्षं माहीत होतं, पण औषध नव्हतं. पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं. मी हे आईला समजावलं. तिने ऐकलं, उठली, बायकोची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि स्टीलच्या एका ताटाच्या पाठीवर लाल ठिपका काढला. मग वाटीवर. मग पेल्यावर. "राग मानू नकोस. पोरीसाठी."

मी कशाला राग मानू? मला उलट बरं वाटलं. काहीतरी केलं जातंय असं वाटलं. माझी भांडी वेगळी घासली जाऊ लागली, गरम पाण्याने. टॉवेल वेगळा, चादर उकळलेली. आणि मला आतल्या अर्ध्या खोलीत निजवून, दार ओढून, खिडकी बंद. आजारी माणसाला वारं लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गोळ्या. बावन्न किलोला रोज चार, एकदम. चार औषधं एकाच गोळीत कोंबलेली. तासाभराने मोरीत गेलो आणि पायातलं बळ गेलं. लघवी लालभडक केशरी. रक्तच. मी ताईंना फोन लावला, आवाज कापत होता. ताई म्हणाल्या, "म्हणजे गोळी घेतलीत. शाब्बास." रिफाम्पिसिनचा रंग आहे तो, घाम आणि डोळ्यातलं पाणीसुद्धा तसं होतं. बरं, पण कावीळ झाली तर मला कळणार कसं? या गोळ्यांनी यकृताला त्रास होऊ शकतो, लघवी गडद झाली तर सांगा, असं त्यांनीच सांगितलं होतं. "डोळ्यांचं पांढरं बघा. भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, की लगेच या. आणि दारूचा थेंब नको."

त्यानंतर मी स्वतःचा जो अभ्यास सुरू केला त्याला तोड नाही. सकाळी आरशात डोळे. एथाम्बुटॉलने नजरेवर, रंगांवर परिणाम होऊ शकतो म्हणून स्टेशनकडे जाताना सिग्नल लाल दिसतोय का हिरवा याची रोजची परीक्षा. दुसऱ्या आठवड्यात गुडघे आणि घोटे दुखायला लागले, ते पायराझिनामाइडमुळे. ऑफिसात टायफॉइड सांगितला होता, त्यामुळे लंगडण्याला कारण शोधावं लागलं.

दहाव्या दिवशी ताई घरी आल्या. घरच्यांची तपासणी करायची होती. दारातच थांबल्या. "खिडकी कोणी बंद केली?"

आई म्हणाली, "त्याला वारं—"

"काकू, उघडा आधी."

मग त्यांनी आतल्या खोलीत बसून आम्हाला जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगू शकतो, कारण तेव्हापासून ते रोज आठवतंय. टीबी ताटाने पसरत नाही. चादरीने नाही, हात लावल्याने नाही, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानेही नाही. तो हवेतून पसरतो. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला, की इतके बारीक कण उडतात की बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. हवा खेळती असली की विरून जातात, उन्हात जंतू मरतो. मानेच्या गाठीचा किंवा मणक्याचा टीबी असेल तर सहसा तेवढीही भीती नाही. "तुम्ही भांडी उकळली आणि खिडकी लावली," ताई म्हणाल्या. रागावून नाही. त्यांनी ही खिडकी रोज कुठेतरी बंद बघितली असणार.

आईने ताटाकडे बघितलं. मी हिशेब करत होतो.

आकडेमोड हा माझा धंदा आहे. औषध नेमानं सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत पेशंट फारसा पसरवत नाही. तोवर मास्क, तो घरात कोविडचा उरलेला होताच. दवाखान्यात मॅडमनी मद्रासच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, १९५६ मध्ये सुरू झालेल्या: काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या गर्दीच्या, गरीब घरांतच औषध दिलं. बरे होण्यात फारसा फरक पडला नाही. आणि घरी राहिलेल्यांच्या नातेवाइकांना काही जास्त टीबी झाला नाही. माझ्यासारखा माणूस आज घरी राहतो तो त्या प्रयोगामुळे. मॅडम हे मला धीर देण्यासाठी सांगत होत्या. मला त्याची दुसरी बाजू दिसली. घरच्यांना जे व्हायचं ते मुख्यतः औषधाआधी होऊन गेलेलं असतं. जून, जुलै, ऑगस्ट. बंद खिडकी. कुशीत चिऊ.

तिच्या एक्स-रेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. आई म्हणत होती, "तिला जन्मल्यावर टोचलंय ना." दंडावर वण आहेच. बीसीजीची ती लस लहान मुलांना टीबीच्या जीवघेण्या प्रकारांपासून, मेंदूच्या वगैरे, बऱ्यापैकी वाचवते, पण टीबी होणारच नाही असा तिचा शब्द नाही. एक्स-रे स्वच्छ निघाला. ताप नाही, वजन नीट. तरी पाच वर्षांच्या आतलं मूल म्हणून तिला सहा महिने रोज आयसोनियाझिडची गोळी, रोग होऊ नये म्हणून.

आईची त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह आली. हातावरचा फुगवटा बघत ती म्हणाली, "झाला ना मलाही?" नाही. इथे मी स्वतः बराच काळ गोंधळलो होतो. संसर्ग आणि रोग या दोन गोष्टी आहेत. जंतू अंगात शिरतो आणि बहुतेकांच्या अंगात तो नुसता निजून राहतो. ना खोकला, ना ताप, ना दुसऱ्याला लागण. शंभरातल्या पाच-दहा जणांतच तो पुढे कधीतरी उठतो. ताईंनी आईला कोकणातल्या बाईला कळेल असं सांगितलं: "बी पडलंय, उगवलं नाही. उगवू नये म्हणून गोळ्या." आई आणि बायको, दोघींना आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. बारा शनिवार आईने कॅलेंडरवर गंधाने टिंबं काढली. एकादशीच्या उपासाला काढते तशीच.

जेवणाचा एक घोळ मात्र बरेच दिवस चालला. आईने माझं केळं, दही, भात बंद केला होता, थंड म्हणून. मॅडम म्हणाल्या, पथ्य कसलं? अंडी, डाळ, शेंगदाणे, जे परवडेल ते भरपूर. मग आई स्वतःचं अंडं माझ्या ताटात ढकलू लागली. तेही बंद करवलं मॅडमनी. झारखंडात काही वर्षांपूर्वी टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना जास्तीचं धान्य-डाळ देऊन पाहिलं, तर त्या घरांत नवीन टीबी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला, असं २०२३ मध्ये छापून आलंय. "काकू, तुमचं अंडं हे तुमचं औषध आहे."

दोन महिन्यांनी बेडका तपासला, जंतू नाही. पायराझिनामाइड बंद झालं, गुडघे सुटले. वजन छप्पन्न. खोकला नावालाही नाही. आणि इथेच मी घसरलो. मामेभावाच्या लग्नाला संगमेश्वरला गेलो आणि गोळ्यांची स्ट्रिप मुंबईत राहिली. राहिली म्हणजे काय, मी ठेवली. बॅग भरताना हातात घेतली होती. दोन दिवस काय होतंय? मला काय झालंय आता?

तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन. मी खोटं बोलणार होतो, पण मांडवातून सनई ऐकू जात होती. त्या म्हणाल्या, "हा जंतू आळशी आहे. बाकीचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला वीस तास लागतात. औषध मारतं ते जागे असतात त्यांना. झोपलेले उठायची वाट बघत सहा महिने बसायचं असतं. मध्येच सोडलं की उरतात ते निब्बर. मग याच गोळ्या त्यांना लागू पडत नाहीत." त्याच रात्री मी गाडी पकडली. उभ्याने आलो.

संध्याकाळी आता मी गॅलरीत बसतो. शेजारच्या मावशींनी एकदा विचारलंच, "तू हल्ली बाहेरच असतोस?" मी सांगितलं, टीबी झाला होता, औषध चालू आहे. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. त्यांच्या दिरांना झाला होता, ऐंशी साली, मावशींनी आजतागायत कोणाला सांगितलं नव्हतं. अर्धा तास त्या त्यांच्याबद्दल बोलत होत्या. ऑफिसात मात्र अजून टायफॉइडच आहे.

चिऊचं आणि माझं औषध सकाळी एकाच वेळी असायचं. "बाबाच्या चार, माझी पाण्यातली." ती आपली विरघळलेली गोळी वाटीतून पिऊन टाकायची आणि माझ्याकडे बघत बसायची, मी गिळेपर्यंत. डिसेंबरात कधीतरी तिने ठिपक्याचं ताट शोधून काढलं. सगळ्या ताटांत फक्त यालाच टिकली आहे म्हणून तिला तेच हवं झालं. आई पहिल्या दिवशी धावली, हातातून ओढून घेतलं, पोर भोकाड पसरून रडलं. मी काही बोललो नाही. आईच थोड्या वेळाने आली आणि त्याच ताटात तिला वरणभात कालवून दिला. स्वतःचा हात दोनदा धुतला, पण दिला.

मार्चमध्ये माझ्या गोळ्या संपल्या. परवा चिऊ ताट उलटं धरून बसली होती. घासून घासून ठिपका जवळजवळ गेला होता. "आजी, टिकली पुसली."

आई उठली आणि नेलपॉलिशची बाटली शोधू लागली.