रिओमधलं वास्को

गोव्याला ट्रेनने गेला असाल, तर वास्को-द-गामा स्टेशन तुम्हाला माहीत असेलच. याच नावाचा एक फुटबॉल क्लब ब्राझीलच्या रिओ द जानेरो शहरात आहे. वास्को द गामा 1498 मध्ये भारतात पोहोचला, त्या प्रवासाला 400 वर्षं झाली म्हणून 1898 मध्ये रिओतल्या पोर्तुगीज मंडळींनी आपल्या नव्या क्लबला त्याचं नाव दिलं. तेव्हा हा क्लब फुटबॉलचा नव्हताच, होड्या वल्हवण्याचा होता!

रिओला गेलात की समुद्रकिनारे आणि डोंगरावरचा येशूचा पुतळा तुम्ही पाहालच. पण वर्षाच्या सुरुवातीला, तिथल्या ऐन उन्हाळ्यात गेलात, तर एक संध्याकाळ फुटबॉलसाठी राखून ठेवा. ब्राझीलमध्ये प्रत्येक राज्याची स्वतःची स्पर्धा असते. रिओची स्पर्धा 1906 पासून सुरू आहे. तिचं नाव ‘कारिओका’. रिओच्या माणसालाही कारिओकाच म्हणतात.

या स्पर्धेचा 1923 चा मोसम तुम्हाला माहीत असायलाच हवा. तेव्हा फुटबॉल हा बड्या घरच्या मुलांचा खेळ मानला जाई. त्या वर्षी वास्को पहिल्यांदाच वरच्या गटात आला. संघात काळे खेळाडू होते, गरीब गोरेही होते. कुणी ड्रायव्हर, कुणी रंगारी. सामन्याआधी प्रत्येकाला कागदावर सही करावी लागे आणि काहींना तर लिहिताच येत नव्हतं. क्लबने त्यांना शिकवलं. पास्कोआल नावाच्या खेळाडूने तर आडनाव लिहायला सोपं जावं म्हणून चक्क ‘सिल्वा’ करून घेतलं, असं सांगतात. (आपल्याकडे पाटील, तसे तिकडे सिल्वा!)

आणि हाच संघ विजेता ठरला.

काळे खेळाडू बांगू या क्लबात आधीपासून होते. त्यावरून एवढा गहजब झाला नव्हता. जिंकल्यावर मात्र ते डोळ्यांत सलायला लागले. 1924 मध्ये फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोटाफोगो अशा मोठ्या क्लबांनी वेगळी संघटना काढली. तिने वास्कोपुढे अट ठेवली, 12 खेळाडूंना काढा, मगच आत या. क्लबचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी 7 एप्रिलला पत्र लिहून कळवलं, खेळाडू काढणार नाही, आम्हीच येत नाही. वास्कोचे चाहते या पत्राला आजही ‘ऐतिहासिक उत्तर’ म्हणतात. पुढच्याच वर्षी वास्कोला त्या संघटनेत घेतलं गेलं, खेळाडूंसकट.

पण तुमच्याकडे धड मैदान नाही, हा टोमणा होताच. मग चाहत्यांनी वर्गणी गोळा केली आणि 1927 मध्ये साव जानुआरिओ हे स्टेडियम उभं राहिलं. ते तुम्हाला आजही पाहता येईल. प्रसिद्ध माराकाना स्टेडियमपासून टॅक्सीने फार लांब नाही. दर्शनी भाग बघून हे स्टेडियम आहे की एखादा जुना पोर्तुगीज वाडा, असा प्रश्न पडेल. शेजारीच कष्टकऱ्यांची दाट वस्ती आहे. देशाचं पहिलं किमान वेतन 1940 च्या कामगार दिनी याच मैदानावरून जाहीर झालं. मला तरी त्यासाठी याहून योग्य जागा सुचत नाही.

उद्घाटनाचा सामना मात्र वास्को सांतोसकडून 5-3 असा हरला.

सामना बघायला जाणार असाल तर पांढरा किंवा काळा टीशर्ट घाला. लाल-काळ्या पट्ट्यांचा हॉटेलवरच राहू द्या, तो फ्लामेंगोचा!