पाटी

साताऱ्याच्या घराच्या दारावर आधी आजोबांच्या नावाची सागवानी पाटी होती. ते गेले आणि तिथे बाबांच्या नावाची पितळी पाटी आली. दर दसऱ्याला आई ती चिंचेने घासून लख्ख करायची. घरात आजी, आई, मी अशा तिघी. पाटीवर एकीचंही नाव नव्हतं आणि ते कुणाला खटकलंही नव्हतं. माझी पाटी म्हणजे दगडी पाटी. आईने हात धरून त्यावर माझं नाव गिरवून घेतलं होतं.

2018 साली जर्मनीत केम्निट्झच्या तंत्र विद्यापीठात प्रवेश मिळाला. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 8,640 युरो तिथल्या खात्यात आधीच भरायचे, मग महिन्याला 720 काढता येणार. बाबांनी कर्ज काढलं. सगळं जमत आलं आणि ऑगस्टअखेरीस त्याच शहरात परदेशी माणसांविरुद्ध जमाव रस्त्यावर उतरल्याच्या बातम्या आल्या. निघताना आई एवढंच म्हणाली, "दारावर नावबिव लावू नकोस गं."

मी लावलं नाही. पण तिथल्या पत्त्यात फक्त इमारतीचा क्रमांक असतो, फ्लॅटचा नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून टपाल टाकतो; नाव नसेल तर पत्र माघारी. बँकेचं कार्ड परत गेलं, पाठोपाठ विम्याचंही. सरकारदरबारी रीतसर नोंद झालेली, तरी मी कुणाला सापडत नव्हते.

तळमजल्यावरच्या आजींनी मला रिकाम्या पेटीपाशी उभी पाहिलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी सांगितलं ते त्यांना कळलं. आत जाऊन त्या कागदाची पट्टी आणि काळं पेन घेऊन आल्या. एकेक अक्षर विचारत त्यांनी 'जगताप' लिहिलं आणि आपल्या उच्चारात 'यागताप' असं वाचलं. वर चिकटपट्टी लावून नखाने तिचे बुडबुडे काढले. म्हणाल्या, "मी जन्मले तेव्हा हे केम्निट्झ होतं. 1953 मध्ये त्याचं कार्ल-मार्क्स-श्टाट केलं. 1990 मध्ये आम्ही मतदान करून जुनं नाव परत आणलं. मी मात्र इथेच होते."

तिसऱ्या दिवशी पेटीत पाकीट पडलं. मी जिन्यातच बसले आणि बराच वेळ ते फोडलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी दारावर होते.

पुढची वर्षं भराभर गेली. विद्यार्थ्याला तेव्हा वर्षात 120 दिवस काम करता यायचं, ते मी बेकरीत पहाटे केलं. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. मला ती सातव्या महिन्यात लागली. स्वतःचं भाड्याचं घर झालं, पेटीवर छापील नाव आलं.

मग आई आली, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आल्या आल्या तिने पेटीवरच्या नावावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "खाली तुझंही लावू या." ती नको नको म्हणत राहिली. शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन हातात घेऊन तिने विचारलं, "कुठलं लिहू?"

मला क्षणभर कळेना. मग आठवलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून तिचं नाव बदललं होतं. माहेरचं नाव तिच्या भावांच्या तोंडी तेवढं उरलं होतं.

मी तिला केम्निट्झची गोष्ट सांगितली, मतदानासकट. ती ऐकत राहिली. मग पट्टी जवळ ओढून तिने माहेरचं नाव लिहिलं, सावकाश, टपोऱ्या अक्षरांत, आणि पेन न उचलता वर एक सरळ शिरोरेघ ओढली.