माया
शिंपीकाकांनी आज ब्लाउज उलटा करून पाहिला. म्हणाले, “माया आहे, उसवता येईल.” शिवणीत राखलेल्या जास्तीच्या कापडाला आपण माया म्हणतो, हे मला भारी आवडतं.

ऋग्वेदात माया म्हणजे देवांची, असुरांचीही अद्भुत शक्ती. शंकराचार्यांच्या वेदान्तात तिला भ्रमाचा अर्थ आला. मराठीत मात्र ती थेट आजीच्या हाताला जाऊन चिकटली. ‘माय’ शेजारीच असल्यामुळे असेल, असं आपलं माझं मत. (‘बक्कळ माया जमवली’ म्हणताना सूर वेगळा असतो, ते सोडा.) ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदी तरून जाण्याचं लांबलचक रूपक आहे. आणि ते रचणाऱ्याला आपण हाक मारतो, माउली!