सात शिलिंगांचे गाव

माझे वडील खानदेशात सालदार होते. आखाजीच्या सणाला मालकाशी वर्षाचा करार होई. एका वर्षी वडिलांनी आणखी दोघा सालदारांना बरोबर घेऊन दोन पोती ज्वारी वाढवून मागितली. त्या वर्षी तिघांनाही गावात कोणी कामावर ठेवले नाही. म्हणूनच मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा लंडनचे राजवाडे पाहण्याआधी मी टॉलपडलला जाण्याचा हट्ट धरला.

डोर्सेट परगण्यातील डॉर्चेस्टर शहराच्या पूर्वेस सात-आठ मैलांवर हे खेडे आहे. एक लांबट रस्ता, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली घरे, एक जुने चर्च आणि तीनशे वर्षांहून अधिक वयाचा सिकमोरचा वृक्ष. आपल्याकडे पाराभोवती माणसे जमावीत, तसे या झाडाखाली येथील शेतमजूर जमत असत.

१८३० च्या सुमारास त्यांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंग होती. ती आठ झाली, मग सात. आणि पुढे सहा होणार असे कानांवर येऊ लागले. सात शिलिंगांत मोठ्या कुटुंबाचे पोट भरत नाही, हे कोणी सांगायला नको. जॉर्ज लव्हलेस हा त्यांच्यातलाच एक मजूर. दिवसभर शेतात राबून तो फावल्या वेळी स्वतःच लिहावाचायला शिकला, थोडीफार पुस्तके जमवली आणि मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार झाला. त्याच्या पुढाकाराने १८३३ मध्ये मजुरांनी संघटना उभारली. संघटना करणे त्या वेळी गुन्हा नव्हता. परंतु सभासदांना डोळे बांधून गुप्ततेची शपथ देण्यात आली होती. नेमके तेच हेरून, आरमारातील बंडानंतर १७९७ मध्ये झालेला शपथविरोधी कायदा त्यांच्यावर लावण्यात आला. मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलिया व टास्मानियाकडे धाडण्यात आले. मागे राहिलेल्या बायकापोरांना गावच्या गरीब-निधीतून मदत नाकारली गेली. हा भाग वाचताना मी थांबलो. माझ्या आईने त्या वर्षी कोणाकोणाच्या दारात उभे राहून काय ऐकले असेल, ते तिने आम्हांला कधीच सांगितले नाही.

लंडनमध्ये मात्र हजारो कामगार रस्त्यावर उतरले. अखेर मार्च १८३६ मध्ये सरकारला माफी जाहीर करावी लागली. लव्हलेस मायदेशी परतला तो जून १८३७ मध्ये. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. सहांपैकी पाच जण पुढे कायमचे कॅनडाला गेले. जेम्स हॅमेट तेवढा टॉलपडलला परतला.

मला ओढ होती ती या हॅमेटची. पाच जणांनी नवा देश शोधला, यात नवल नाही. पण ज्या गावाने आपल्याला बेड्यांत जाताना पाहिले, त्याच गावात उरलेले आयुष्य काढायला कसली छाती लागत असेल! तो आता शेतावर नव्हे, बांधकामावर मजुरी करी. व्हिक्टोरिया राणीची जवळजवळ सगळी कारकीर्द त्याच्या डोळ्यांदेखत गेली. १८७२ मध्ये जोसेफ आर्च या शेतमजुराने देशव्यापी संघटना उभी केली, तेव्हा तिच्या लोकांना या वृद्धाची आठवण झाली आणि १८७५ मध्ये त्यांनी त्याला मानपत्र व सोन्याचे घड्याळ दिले. १८८४ च्या कायद्याने खेड्यांतील बहुसंख्य मजूर पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. स्त्रियांना तो मिळायला आणखी किती वाट पाहावी लागली, ती कथा निराळी.

सोन्याचे घड्याळ मिळालेला हा माणूस १८९१ मध्ये वारला तो डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी कामगृहात, आणि चर्चच्या आवारात त्याला पुरण्यात आले. खटल्याला शंभर वर्षे झाली, त्या १९३४ साली, एरिक गिल या नामवंत शिल्पकाराने कोरलेली शिळा तेथे उभी राहिली.

त्या शिळेसमोर मी बराच वेळ उभा होतो. अक्षरे साधी, खोल कोरलेली. शेवाळाने थोडी हिरवट झालेली. वडिलांना स्वतःचे नाव लिहिता येत नसे. सालाच्या कागदावर त्यांचा अंगठा असे. ते आपल्याबरोबरच्या त्या दोघा सालदारांची नावे मात्र शेवटपर्यंत विसरले नव्हते. मी ती दोन्ही नावे तेथे हलकेच उच्चारली. मुलगी म्हणाली, "बाबा, बस येईल." तरीही परतताना मी त्या सिकमोरच्या झाडाला वळसा घालूनच गेलो.